अकरा आजारी, तीन धडधाकट

१

मिस्नायाचा पाटा समुद्रात पडला, तेव्हा मी धक्क्याजवळच्या छपरीत मुलांना गढूळ पाणी वाळूतून गाळायला शिकवत होते. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग धप्प असा आवाज. सोळाच्या सोळा मुलांनी माना वळवल्या.

बाहेर जाऊन पाहिलं. मिस्नाया धक्क्याच्या टोकाला उभी होती, दोन्ही हात हळदीने पिवळे. ज्या दगडावर तिच्या आजीने, आईने आणि तिने मुळ्या वाटल्या, तो पाण्याखाली गेला होता. टाकणारे दोघं तिचीच गिऱ्हाइकं. रोज सकाळी तिच्या दारात उभं राहून जामूचा, म्हणजे मुळ्यांच्या काढ्याचा, पेला एका दमात रिकामा करणारे.

तेवढ्यात गावकचेरीवरचा भोंगा खरखरला आणि गावप्रमुख हाजी राशिदींचा आवाज सगळ्या गिली रांदू बेटावर घुमला.

“मिस्नायाचा जामू कोणीही पिऊ नये. आरोग्य केंद्राच्या तपासणीत बेटावरच्या अकरा जणांचं रक्त बिघडलेलं निघालं आहे. गावाने ठरवलं आहे, शनिवारच्या बोटीने मिस्नाया आपल्या भावाकडे कालिमंतानला जाईल.”

मिस्नाया माझ्याकडे वळली. बेटावर मला सगळे बु गुरू, म्हणजे शिक्षिकाबाई, म्हणतात. “बु गुरू, तू चाळीस वर्षं माझा काढा पितेस. तुझं रक्त बिघडलं का गं?”

“माझं तपासलं नाही.”

“मग तपासून घे,” ती म्हणाली. “बारावी हो.”

तो मंगळवार होता. शनिवारला चार दिवस होते.

२

डॉक्टर फिर्दौस वर्षापूर्वी सुराबायाहून आले. माणूस कष्टाळू. मी आरोग्य केंद्रात गेले तेव्हा कॉफी पीत नोंदवही चाळत होते.

“बु, तुम्ही मैत्रिणीची बाजू घ्यायला आलात,” ते म्हणाले.

“मी आधी समजून घ्यायला आले. शिकवा मला.”

यावर माणसं सहसा मऊ होतात. त्यांनी कागद ओढून जखमेचं चित्र काढलं. “रक्तात एक चिकट दोर असतो समजा. फॉन विलब्रांट घटक म्हणतात त्याला. जखम झाली की तो प्लेटलेट नावाच्या रक्तकणांना धरून ठेवतो, म्हणून रक्त थांबतं. धडधाकट माणसात त्याचा आकडा पन्नासच्या वर असतो. महिन्यापूर्वी सत्तारचा दात काढला, तर दोन दिवस रक्त थांबेना. त्याचा नमुना किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत पाठवला. आकडा आला एकतीस.”

“मग?”

“मग मी घाबरलो. अंगावर निळे डाग पडतात म्हणणाऱ्यांचं रक्त पाठवलं, शस्त्रक्रियेला निघालेल्यांचं पाठवलं. एकूण चौदा. त्यातले अकरा कमी. एकाच्याही घराण्यात असं दुखणं नाही, म्हणजे जन्मजात नाही, मागाहून जडलेलं आहे. अकरा जणांत सारखं काय, ते शोधलं. विहिरीचं पाणी तपासलं, ते चांगलं आहे. उरला जामू. आलं, हळद आणि आणखी सतरा मुळ्या, कुठली कसली ते तीच जाणे.”

“अकरांपैकी रक्त किती जणांचं वाहिलं?”

“एकाचं. सत्तारचं.”

“बाकी दहा?”

“अजून नाही वाहिलं.”

त्या ‘अजून’ शब्दाची मला चीड आली. पण मी वहीत पाहिलं. ज्या तिघांचा आकडा चांगला आला, त्यांची नावं होती हाजी राशिदी, म्हातारे बुहारी आणि खुद्द मिस्नाया.

“हाजी हज करून आल्यापासून जामू पीत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “बुहारींचं काय, काही शरीरं दणकट असतात. आणि मिस्नाया... संशय म्हणून तिचंही रक्त घेतलं होतं.” त्यांनी वही मिटली. “लोकांना पाजते आणि स्वतः पीत नाही. गावाला खरा राग त्याचा आहे.”

“तुम्ही स्वतः कधी प्यालात?”

“छे! मला वासानेच मळमळतं.”

मी उठले. दारात त्यांनी हाक मारली. “तिला हाकला असं मी म्हटलं नव्हतं, बु. पण तिची चूल बंद राहणार. पुढच्या बाळंतपणात एखादी बाई गेली तर जबाबदार मी.”

वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हा चांगला माणूस होता.

३

मिस्नाया गाठोडं बांधत होती. मी विचारलं, “तू स्वतःचा जामू पितेस का?”

तिने पातेलं आदळलं. “दिवसाला तीन पेले! पहिला पेला मी चाखल्याशिवाय दुसऱ्याला देत नाही. शेजारणीला विचार. नाही तर माझी जीभ बघ, जन्मात गुलाबी झाली नाही.”

शेजारणीने भिंतीपलीकडूनच ओरडून सांगितलं, “तीन नाही, चार पिते! आणि पितानाही बोलत असते!”

तिथून बुहारींकडे. ते ओट्यावर पाय पसरून बसले होते.

“जामू? सकाळी दोन, संध्याकाळी दोन. त्यावरच तर उभा आहे. माझी अंतर्गळाची शस्त्रक्रिया व्हायची होती, त्यासाठी रक्त दिलं. रक्त चांगलं आलं, तरी डॉक्टर म्हणतो, थांबा. का थांबा, ते सांगत नाही.”

म्हणजे बेटावर सर्वांत जास्त जामू पिणारी दोन माणसं धडधाकट होती. असं विष मी तरी ऐकलं नव्हतं.

वाटेत सत्तार जाळं सांधत बसलेला दिसला. मी त्याचा गाल पाहिला, बरा होता. “दाताआधी काही औषध घेतलं होतंस?”

“औषध कसलं, बु. डोकेदुखीच्या गोळ्या. आठवडाभर, दिवसाला चार-पाच.” त्याने खिशातून चुरगळलेली पट्टी काढली. अ‍ॅस्पिरिन. त्याने रक्त थांबायला वेळ लागतो, हे मी नववीच्या वर्गाला दर वर्षी सांगत होते.

“डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं कुठे? त्यांनी विचारलं, जामू पितोस का. मी म्हटलं, पितो.”

मी पट्टी घेऊन तशीच केंद्रात गेले. डॉक्टरांनी ती उलटसुलट पाहिली. त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, “हे मी विचारायला हवं होतं. पण बु, ही गोळी रक्त वाहतं ठेवेल, चिकट दोराचा आकडा कमी करणार नाही. आणि उरलेल्या दहांच्या खिशात काय होतं?”

मी पट्टी उचलून निघाले. हाजींकडे गेले, तर ते म्हणाले, “बु गुरू, गाव घाबरलं आहे. घाबरलेल्या गावाला काहीतरी करून दाखवावं लागतं.”

“चुकीचं असलं तरी?”

“आधी चुकीचं आहे हे दाखवा.” मग सहज म्हणाले, “माझं रक्त बघा, कसं ठणठणीत. भावाकडे किनाऱ्यावर गेलो होतो, तिथेच प्रयोगशाळेत देऊन आलो.”

मी घरी येऊन जेवायला बसले आणि दुसरा घास हातातच राहिला. हाजींनी रक्त इथे दिलंच नव्हतं.

४

मुलांना मी नेहमी सांगते, दोन कुंड्यांतली एकच कोमेजली तर रोपाकडे बघत बसू नका. एका कुंडीला काय मिळालं आणि दुसरीला काय नाही, ते शोधा. इतके दिवस सगळे माणसांकडे बघत होते. मीसुद्धा. रक्ताकडे कोणीच बघितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी परिचारिका मारवीयाला गाठलं. तिच्या टेबलामागे काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र टांगलेलं आहे: लशी थंड ठेवण्यात जिल्ह्यात पहिली. तिच्यासारखी नेकीने काम करणारी मुलगी मी पाहिली नाही.

“रक्त घेतेस, मग पुढे काय करतेस, ते हळूहळू सांग.”

“पहाटे पाचला घेते, निळ्या टोपणाच्या नळीत. नळी नेमक्या खुणेपर्यंत भरते. हलकेच पाच वेळा उलटी करते. मग नळ्या लाल पेटीत. साडेपाचला मासळीवाल्या पाक होस्नानच्या होडीत. ते नऊपर्यंत पोचतात, मासळी उतरवतात, अकराला पेटी प्रयोगशाळेत.”

“आणि मासळी उतरेपर्यंत पेटी उन्हात?”

ती दुखावली. “उन्हात? बु, पेटी गच्च बर्फाने भरलेली असते! नळ्या बर्फात पुरते मी. एवढ्या उकाड्यात रक्त तसंच कसं पाठवीन? माझा एकही नमुना आजवर गरम पोचला नाही. फक्त एकदा.”

“एकदा?”

तिने खण उघडून दोन चिठ्ठ्या काढल्या. त्यांवर प्रयोगशाळेचा शिक्का होता: नमुना गरम आला, भरवसा धरू नये.

“या डॉक्टरांना दाखवल्या नाहीस?”

तिची मान खाली गेली. “आकडे चांगले होते, तेवढे वहीत चढवले. माझी चूक कशाला दाखवू?”

चिठ्ठ्यांवर मागच्या महिन्यातल्या एकाच सोमवारची तारीख आणि दोन नावं होती. बुहारी आणि मिस्नाया.

मी धक्क्यावर धावले. चौसष्टाव्या वर्षी जेवढं धावता येतं तेवढं. होस्नान होडीचा तळ खरवडत होता. इथे मोठ्या पुरुषाला पाक, म्हणजे काका, म्हणतात.

“पाक होस्नान, मागच्या महिन्यात एका सोमवारी...”

“बर्फ नव्हता,” तो लगेच म्हणाला. “कारखान्याचं यंत्र बिघडलं होतं. मी रिकामी होडी घेऊन त्याचा सुटा भाग आणायला गेलो. लाल पेटी होती, पण आत कोरडी. ती पोरगी धक्क्यावर रडत होती, रक्त नासेल, रक्त नासेल म्हणून. अहो, बर्फाशिवाय इथे कोणी बांगडासुद्धा हलवत नाही!”

ज्या दिवशी सगळ्यांना वाटलं रक्त नासलं, त्याच दिवशी ते धडधाकट निघालं होतं.

५

प्रयोगशाळेत दाहलिया आहे. माझी चौथीची विद्यार्थिनी, आता तिथली प्रमुख. दूरध्वनी लागायला तासभर गेला.

“दाहलिया, नळ्या बर्फात आणायच्या, हा नियम कुठला?”

“गुरू, तो पेटीवरच छापलेला आहे. दोन ते आठ अंश.”

“पेटी कशाची?”

ती थांबली. “लशींची.”

“आणि या चाचणीचं सामान येतं, त्याच्यासोबत कागद येतो ना? त्यात काय लिहिलं आहे?”

“ही चाचणी आमच्याकडे नवीन आहे, गुरू. कागद इतका बारीक छापतात...”

“चौथीत मी तुला काय शिकवलं होतं?”

“प्रश्नपत्रिका शेवटपर्यंत वाचायची.” तिने उसासा टाकला. कागद उलगडल्याची चुरचुर ऐकू आली. ती पुटपुटत वाचत गेली. 

“गुरू,” ती हळू आवाजात म्हणाली, “इथे लिहिलंय, चाकात न फिरवलेलं रक्त बर्फात ठेवू नये. खोलीच्या तापमानाला ठेवावं, चार तासांच्या आत फिरवावं. त्याहून उशीर होणार असेल तर आधी फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढावं आणि गोठवून पाठवावं.”

“का?”

“थंडीत तो चिकट दोर प्लेटलेटना नळीतच बिलगतो. आम्ही नळी चाकात फिरवतो, तेव्हा प्लेटलेट तळाला जातात आणि दोरालाही सोबत नेतात. आम्ही मोजतो वरच्या पिवळ्या पाण्यात. तिथे तो उरलेलाच नसतो.”

“म्हणजे दुखणं माणसात नाही. नळीत आहे.”

“गुरू, मी अकरा कागदांवर सही केली आहे,” दाहलिया म्हणाली.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! हाजी म्हणाले, “कुठल्या तरी परदेशी कागदावर गाव कसं विश्वास ठेवील?” डॉक्टर आकडे पुसत-लिहीत राहिले आणि म्हणाले, “कागद सर्वसाधारण सांगतो. कदाचित थोडा फरक पडत असेल. एवढा पडतो का? आणि जामूनेही थोडा पडत असेल तर? मी तिची चूल पेटवू दिली आणि कोणी दगावलं, तर तो कागद येऊन उत्तर देणार आहे का?” दोघांच्या मध्ये बसून माझं डोकं ठणकायला लागलं. छत्तीस वर्षांत कुठल्याही ढ मुलाने मला एवढं दमवलं नव्हतं, कारण ढ मुलाला निदान आपल्याला कळत नाही हे ठाऊक असतं.

मी डॉक्टरांच्या कॉफीच्या पेल्याकडे बघितलं, आणि मला सुचलं.

“डॉक्टर, बाही वर करा.”

“काय?”

“तुम्ही जामूचा थेंब घेतलेला नाही. तुम्हाला निळे डाग नाहीत. तुमचं रक्त घेऊ. एकाच वेळी, एकाच हातातून, दोन नळ्या. एक मारवीयाच्या बर्फात. एक माझ्या पिशवीत, कापडात गुंडाळून. दोन्हींवर नाव घालायचं नाही, फक्त खुणा.”

 डॉक्टरांनी बाहीचं बटण काढलं. “आणि बर्फातली नळीही चांगली निघाली तर?”

“तर शनिवारी मी स्वतः मिस्नायाचं गाठोडं बोटीत ठेवीन,” मी म्हटलं. 

६

गुरुवारी पहाटे पाचला मारवीयाने डॉक्टरांचं रक्त घेतलं आणि मी लगेच होस्नानच्या होडीत बसले. मांडीवर लाल पेटी, छातीशी पिशवी. वारा उलटा होता.

“बु, त्या एका नळीला एवढं कवटाळून बसलात. अंडं आहे का ते?”

“तू पुढे बघ आणि हाण. आणि आज मासळी नंतर. आधी मी उतरणार.”

“मासळी नंतर! गिऱ्हाईक मला मारेल.”

“नाही मारलं तर मी मारीन.”

नऊच्या आत दाहलियाच्या हातात दोन्ही नळ्या होत्या. तिने लगेच त्या चाकात घातल्या. पण आकडा त्या दिवशी आला नाही. वीज दोनदा गेली. शुक्रवारी नमाजासाठी दुपारी सगळं बंद. मी बाकावर बसून राहिले. कारकुनाने मला तीनदा विचारलं, “आजी, कोणाला भेटायचंय?” तिसऱ्यांदा मी म्हटलं, “शहाण्या माणसाला.” नंतर तो विचारायला आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी दाहलिया बाहेर आली. तिने कागद माझ्या हातात दिला.

कापडातली नळी: अठ्ठ्याऐंशी.

बर्फातली नळी: चौतीस.

“बर्फातला माणूस कोण आहे, गुरू?” तिने विचारलं. “बर्फ धरला तरी फार कमी. याला तर लगेच बोलवावं लागेल.”

“तो कापडातलाच माणूस आहे,” मी म्हटलं.

७

शनिवारी आम्ही धक्क्याला लागलो, तेव्हा कालिमंतानची बोट दूरवर ठिपक्याएवढी दिसत होती. मिस्नाया गाठोड्यावर बसली होती. जवळ कोणी नव्हतं. चार हातांवर सगळं गाव.

“आलीस?” ती म्हणाली. “मी म्हटलं, तूही पळालीस.”

मी कागद डॉक्टरांना दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. मारवीयाने त्यांच्या खांद्यावरून वाचला आणि तोंडावर हात धरला. “मी... मी तर जपत होते, बु. जीव लावून जपत होते.”

“तू जपत होतीस हे खरं आहे,” मी तिला म्हटलं. “लस बर्फात जगते. बांगडा बर्फात टिकतो. रक्ताची ही नळी राहत नाही. तुला कोणी सांगितलं नव्हतं, आता सांगितलं. पण चिठ्ठ्या खणात ठेवल्यास, ती चूक तुझी. ती पुन्हा करू नकोस.”

तिने मान हलवली.

हाजींनी घसा साफ केला. “ठीक आहे. गैरसमज झाला होता, मिटला. मिस्नाया, तू घरी जा.”

मिस्नाया उठली नाही. “घरी जाऊन कशावर वाटू? डोक्यावर?”

“दगड काढून देतील पोरं.”

“आणि भोंगा?” ती म्हणाली. “घालवताना साऱ्या बेटाला ऐकवलंत. ठेवून घेताना कानात सांगता होय?”

हाजी इकडे तिकडे बघू लागले. “एकदा बोललेलं सारखं सारखं उकरून...”

बोट जवळ येत होती. मिस्नायाने गाठोडं उचलून डोक्यावर घेतलं. ती खरोखर निघाली होती. मी तिला चाळीस वर्षं ओळखते. ती धमकी देत नाही.

तेव्हा डॉक्टर फिर्दौस कागद मुठीत धरून कचेरीकडे चालू लागले. हाजींनी हाक मारली, पण ते थांबले नाहीत. थोड्या वेळाने भोंगा खरखरला.

“मी डॉक्टर फिर्दौस बोलतोय. माझंही रक्त बिघडलेलं निघालं आहे. आकडा चौतीस. मी आयुष्यात जामू प्यालेलो नाही. माझं रक्त बर्फात ठेवलं म्हणून तो आकडा आला. बर्फाशिवाय नेलं तेव्हा ते चांगलं निघालं. अकरा जणांना मी स्वतः किनाऱ्यावर नेऊन पुन्हा तपासणार आहे. त्यात एखादा खरोखर आजारी असेल तर त्याच्यावर उपचार करू. पण ज्या तपासणीवरून मिस्नायाला दोष दिला, ती तपासणीच चुकीची होती. तो दोष तिचा नव्हता. चूक आमची होती. माझी होती.”

 मग सत्तारने अंगातला शर्ट काढला आणि पाण्यात उडी मारली. त्याच्यामागे पाटा टाकणारे दोघं. तीनदा वर आले, तीनदा खाली गेले. चौथ्यांदा तिघांच्या हातांत तो दगड होता, शेवाळ लागलेला, पण मधोमध अजून पिवळा.

मिस्नायाने गाठोडं खाली ठेवलं. पाट्यावरून बोट फिरवून चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

“खारट झालाय,” ती म्हणाली. “आठ दिवस धुवावा लागेल.” मग कचेरीकडे तोंड करून तिने हाक दिली, “डॉक्टर! अजून एकदा सांगा! वाऱ्यामुळे पलीकडच्या वाडीला ऐकू गेलं नाही!”

भोंगा पुन्हा खरखरला.